आभाळाला अंडी भरवणारा ओव्हिड

साखर कारखान्यातून निवृत्त झाला त्याच महिन्यात ओव्हिड मेशने परसात खांब रोवला आणि त्याला चोवीस पोकळ भोपळे टांगले. आमच्या लुइझियानात जांभळ्या पाकोळ्या, हे पक्षी, माणसाने असं टांगलेलं घर दिलं तरच राहतात. मात्र घर देणाऱ्याच्या घरात काय चाललंय, याची त्यांना फिकीर नसते. ओव्हिडलाही नव्हती. मुलीच्या साखरपुड्याला हा गडी बाहेर खुर्चीत, मान वर. मी शेजारी, म्हणून सांगतो.

त्या वर्षी पाकोळ्या फेब्रुवारीत आल्या आणि मागोमाग गारठा. तीन दिवस भुरभुर पाऊस, हवेत एक किडा नाही. हे पक्षी उडताना मिळेल तेवढंच खातात. जमिनीवर पंचपक्वान्नं वाढा, ढुंकून बघणार नाहीत. भोपळ्यांवर ते पिसं फुगवून एकमेकांना चिकटून बसले होते. दोन तर खालीच पडले, मेलेले.

ओव्हिडने गळाला लावायचे रातकिडे आणले आणि चमच्याने एकेक आभाळात उडवू लागला. चाळीस वाया गेले. एकेचाळिसावा एका नराने झेलला, आणि मग सगळ्यांनाच समजलं. रातकिडे संपले तसा तो स्वयंपाकघरात शिरला. तीन डझन अंडी फेटून त्याने बिनमिठाची परतली.

दारातून अर्लीन, त्याची बायको, बघत होती. "चाळीस वर्षं झाली लग्नाला. मला कधी साधं अंडं उकडून दिलंस?"

"तुला जमिनीवरचं चालतं. तुझी सोय आहे."

कालव्यापलीकडच्या नव्या भाडेकरूने पोलिसांना फोन केला, की एक म्हातारा आभाळाला अंडी मारतोय. हवालदार लातियोले आला. दोन दरवाजांएवढा माणूस.

"ओव्हिडकाका, चमचा खाली ठेवा."

"ठेवतो. मग हे मेले की तूच लिही कागदावर, कशाने मेले ते."

लातियोलेने वर पाहिलं. मग टोपी काढली आणि म्हणाला, "दुसरा चमचा आहे?"

शाळेत तो बेसबॉल खेळायचा; त्याचा घास ओव्हिडच्या दुप्पट उंच जाई. कमरेचा वायरलेस खरखरला, काय चाललंय तिथं? "परिस्थिती आटोक्यात येतेय," तो म्हणाला. "अंडी पाठवा."

पाचव्या दिवशी ऊन पडलं. पाकोळ्या वाचल्या, पण लातियोले बिघडला. रोज गस्तीची गाडी ओव्हिडच्या दारात. ओव्हिड दर पाच दिवसांनी कप्पीने भोपळे खाली घेई, अंडी मोजी, पिल्लांची वयं लिही, चिमण्यांनी घुसवलेलं गवत शिव्या देत उपसून काढी. लातियोले मागे वही धरून उभा. सात नंबरच्या भोपळ्यातली पाच पिल्लं त्याने मनाने आपलीच ठरवली.

ओव्हिडचा नियम एकच: पिल्लू बावीस दिवसांचं झालं की खांबाला हात लावायचा नाही. पंख अर्धे, हिंमत पुरी. भोपळा हलला की उडी मारतात.

जूनच्या शेवटच्या रविवारी ओव्हिड, अर्लीन आणि मी चर्चला गेलो. मागे लातियोलेला राहवेना, त्याने कप्पीने भोपळे खाली घेतले. सात नंबरचा चोविसावा दिवस होता.

आम्ही परतलो तेव्हा हवालदार जमिनीपासून उंच बांधलेल्या घराखाली पोटावर सरपटत होता. चौदा पिल्लं परसात उधळली होती. एक गाडीत, दोन झिंगे उकडायच्या पातेल्यात, एक अर्लीनच्या वाळत घातलेल्या झग्याच्या बाहीत. हवालदार डोकं बाहेर काढी तेव्हा वर घिरट्या घालणारे आईबाप त्याच्या टकलावर अचूक शिटत होते.

"काका, मी फक्त बघत होतो," घराखालून आवाज आला.

ओव्हिड डोळे पुसत रिकामे भोपळे मोजू लागला. अर्लीनने मात्र उशांचे अभ्रे आणले. "रडायचं नंतर. आधी पकड!"

तासाभरात चौदाही सापडली. वयं जुळवून ती भोपळ्यांत घातली आणि पिल्लं शांत होईपर्यंत भोपळ्यांच्या तोंडांत फडकी कोंबली. वीस मिनिटं आम्ही चौघे श्वास रोखून बसलो. फडकी काढली. कोणीही उडी मारली नाही.

"तुला पंधरा दिवस बंदी," ओव्हिड म्हणाला.

लातियोलेने मान खाली घातली. मग पंधरा दिवस तो कालव्यापलीकडून, त्या भाडेकरूच्या ओसरीवरून, दुर्बीण लावून बसला. भाडेकरू त्याला कॉफी देई. जुलैत शेवटची पाकोळी दक्षिणेला गेली, तेव्हा जाताना ती फक्त हवालदाराला आणि भाडेकरूला दिसली आणि ओव्हिडला हे लोकांकडून कळलं. मग आठवडाभर तो चिडून, कालव्याकडे पाठ फिरवून, खुर्चीत बसला.