बाबांनी चहाला नावं ठेवली नाहीत तेव्हा

चहानं अंगातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींना चेव येऊ शकतो, असं हल्ली वाचायला मिळतं. असेलही. आमच्या घरात हा शोध मी एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास, बारावी सायन्सच्या जोरावर, मनानंच जाहीर केला होता.

बाबा हातमागावर लुगडी विणायचे आणि येणाऱ्या प्रत्येक चहाला नावं ठेवायचे. पाणचट, नाहीतर कडू, नाहीतर थंड. त्या उन्हाळ्यात त्यांना ताप भरला तो हटेना. माग थांबला, बाबाही गप्प झाले. सकाळी डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि सांगितलं, दुपारपर्यंत उतार पडला नाही तर मोठ्या दवाखान्यात हलवा. तिथे नेलेला शेजारचा विणकर परत आला नव्हता.

मी आईला म्हटलं, "रक्तात पांढऱ्या पेशी राहतात, शिपायासारख्या. चहा पेला का त्या जाग्या होतात."

"मंग आज तूच कर गा चहा."

एरवी ती मला चुलीजवळ फिरकू देत नसे. विज्ञान जिंकलं, असं मला वाटलं. मी आलं ठेचलं, पत्ती दोनदा टाकली आणि साखर विसरलो.

आईनं बाबांना टेकवून बसवलं, बशी ओठांशी धरली. ते निमूट प्याले. मला आनंद झाला. आईचा चेहरा मात्र उतरला.

"अजून कर. असाच. सुधारू नको काही."

तोही त्यांनी मुकाट्यानं घेतला. मग तिनं मला सायकलरिक्षा आणायला पाठवलं. रणरणत्या उन्हात मी पळतच गेलो.

रिक्षा दाराशी लावून आत आलो, तर आई उरलासुरला, निवलेला चहा त्यांना पाजत होती. बाबांनी तोंड वाकडं केलं. बशी हातानं ढकलली.

"काहून वं, जहर देऊन राहिली का मले? कोनं केला हा?"

"तुमच्या पोरानं."

"त्याले चुलीपासून दूर ठेव."

आईनं पदरानं त्यांचं कपाळ पुसलं. पदर घामानं ओला झाला. तिनं तो तसाच डोळ्यांना लावला.

"शुद्ध ठिकाणावर असली तर तुह्या चहाले शिव्या देतीनच, हे मले माहीत होतं," ती मला म्हणाली. "म्हणून तर तुले करायले लावला."

ताप गोळ्यांनी उतरला की माझ्या शिपायांनी, ते विचारायची सोय नव्हती. मी रिक्षा परत पाठवायला निघालो. मागून बाबांचा आवाज आला,

"आता तू कर वं. अन् पत्ती कमी टाकजो. कालचा तुह्या हातचाबी कडू होता."