तळहाताने ऐकणारा माणूस

गाववाल्यांनो, आज दुपारी अंधेरीला आमच्या गॅरेजात जे बघितलं ते अजून डोक्यातून जात नाही.

मुलुंडच्या एका दादाची छोटी कॅम्पर गाडी आलीय, आत झोपायची सोय असलेली. त्याच्या आईला आपल्या कुडाळला माहेरी जायचंय. पण आजारपणापासून तिला आवाज सोसत नाही, आणि उकाडाही. मी टपावर दोन एसी बदलून बघितले. घरघर तीच. दादा म्हणाला, "राहू दे, नाही नेत तिला."

मग शेठने खारदांड्याच्या धर्माकाकांना बोलावलं. आयुष्यभर बोटींची इंजिनं बसवलेला माणूस. त्यांनी चालू एसीशेजारी टपावर तळहात ठेवला, डोळे मिटले.

"एसीला कशाला शिव्या घालतोस रे? त्याच्या हादऱ्याने ओरडतोय तुझा पत्रा."

बोटीत इंजिनाखाली टाकतात तसे त्यांनी जुन्या टायरचे तुकडे कापून एसीच्या प्रत्येक बोल्टखाली बसवले. एसी चालू केला, घरघर गायब. दादाबरोबर आलेली आई आत आडवी झाली. थोड्या वेळाने दादाने डोकावलं, तर झोपलेली.

तिची झोप मोडेल म्हणून भर दुपारी आख्खं गॅरेज हातातला पानासुद्धा खाली ठेवेना.

मला पत्र्याला नुसता हात लावून बघायचं सुचलं नाही यार. तुमच्या कामात असा कोणी आहे का, ज्याचे हात ऐकतात?