पोडावर न जाता लिहिलेला निरंक

मी खोटा रिपोर्ट लिहिला होता, आणि मला वाटायचं, हे फक्त डॉक्टरबाईंना माहीत आहे.

परवा त्या गेल्या.

कुठल्याही देशात नवा ताप उठला की तो पसरायच्या आधी हुडकायचा, हेच त्यांनी आयुष्यभर केलं. रिटायर होऊन राळेगावजवळ आमच्या गावी परतल्या, तरी सवय जाईना.

मी इथली आशा वर्कर. दर सोमवारी घरोघरच्या तापाचा रिपोर्ट दवाखान्यात द्यायचा. ताप नसला तरी 'निरंक' लिहायचं. तो पुढे जायच्या आधी बाई चहासोबत वाचायच्या, पेपर वाचावा तसा.

त्या वर्षी कापूस वेचणी जोरात होती. नाल्यापलीकडच्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, मी गेलेच नाही. सगळे वावरात असतील, कोण भेटणार! 'निरंक' लिहून मोकळी झाले.

"रेखा, पोडावर गेलती काय वं?"

"हो ना बाई."

"कोण कोण भेटलं?"

मी स्कूटीची किल्ली शोधायला लागले.

वाटलं, आता चांगलं झापतील. त्या माझ्या स्कूटीवर मागे बसल्या. "चाल."

सकाळचं धुकं होतं. खाली पांढरा कापूस, वर पांढरं धुकं, वावर कुठं संपते तेच कळेना. मागून बाई हळूहळू बोलत होत्या, झोपेत बोलावं तशा.

"मीबी लिहिलंतं एकदा. लई दूर, एका नदीकाठी. बोट भेटत नव्हती, तं ऑफिसातूनच लिहून देल्लं, काही नाही म्हणून. मंग गेली, तं अर्ध्या गावच्या चुली थंड. अजून सपनात त्याच गावात फिरते मी."

पोडावर भीमाबाईची चार वर्षांची पोर तापानं फणफणली होती. बाईंनी तिचा हात वर केला. काखेत काळी खपली.

"किडा चावला हिले, त्याचाच ताप आहे हा. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात!"

ऑटोत पोरीला छातीशी धरून मी देवाला म्हणत होते, माझी नोकरी घे बापा, पण हिला ठेव.

पोर वाचली.

त्या रिपोर्टबद्दल बाईंनी पुन्हा चकार शब्द काढला नाही. मीही नाही. हिंमतच नव्हती.

काल स्मशानात भीमाबाई आली होती. सोबत पोर, आता नववीत आहे. मला राहवलं नाही.

"भीमाबाई, त्या आठवड्यात मी आलीच नव्हती वं. खोटं लिहिलंतं."

तिनं माझा हात धरला.

"मले माहीत आहे. घरीच होती ना मी, पोरीपाशी. तुयीच वाट पाहून राह्यलती."

डॉक्टरबाई, आज आधी पोडावर जाऊन आले, घर न् घर फिरले, मग हे लिहायला बसले.

आता निवांत जा. रेखाचा नमस्कार.