उंटवाल्यांच्या कबरींपाशी दिलेला शब्द

इस्माईलला दिलेला शब्द मी मोडला.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. म्हणून लिहितोय.

आखातात नवे होतो तेव्हा देरातल्या एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो, त्यातले आम्ही दोघंच एकमेकांना चिकटून राहिलो. तो रत्नागिरीकडचा, मी पुण्याचा. पुढे त्याने शारजात रोल्लाला पडद्यांचं दुकान काढलं. मी अल ऐनला ड्राफ्ट्समन झालो आणि आता तिथेच मुलाकडे राहतो.

मला तो मास्तर म्हणायचा. मी कधीच मास्तर नव्हतो. शाळेच्या पुस्तकातल्या कविता अजून चालीवर म्हणतो, एवढाच माझा गुन्हा.

चार वर्षांपूर्वी माझी मुलगी ॲडलेडहून म्हणाली, "बाबा, या ना. कॅम्परव्हॅन बुक करून देते, दोन दिवस फिरा."

मी इस्माईलला घेऊन गेलो. बारा दिवस फिरलो.

शहर संपलं की तिथला रस्ता सरळ होतो, आणि मग सरळच राहतो. लाल माती, खुरटी झुडपं, आणि आभाळ तर इतकं, की वर्गातल्या खिडकीजवळच्या बाकावर बसून मी जेवढं मागायचो त्याहून जास्त.

तासाभरात एखादी गाडी समोरून यायची. ड्रायव्हर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचा.

इस्माईलने ब्रेकवर पाय ठेवला. "मास्तर, पुढे रडार आहे. तो वॉर्निंग देतोय."

पन्नास किलोमीटर आम्ही बैलगाडीच्या वेगाने गेलो. रडारचा कॅमेरा नाही, पोलीस नाही, माणूसच नाही.

हॉकर नावाच्या गावात पेट्रोल भरताना पंपावरच्या बाईला विचारलं, तर ती हसतच सुटली. तो नुसता नमस्कार होता. त्या रस्त्यावर सगळेच सगळ्यांना करतात.

"म्हणजे चार जणांनी सलाम केला आणि मी जवाब दिला नाही?" इस्माईलला खरंच वाईट वाटलं. त्यानंतर लांबून ट्रक दिसला तरी हा अख्खा हात वर करून बसायचा.

संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून ऊन उतरायच्या आत व्हॅन उभी करायची. तो गॅसवर खिचडी टाकायचा, मी कविता काढायचो.

"यल्ला मास्तर, खलास कर आता. मी उर्दू शाळेतला. माझ्यावर कसला सूड उगवतोस?"

मी गप्प झालो की दोन मिनिटांनी हळूच, "मग त्या पाखराचं काय झालं पुढे?"

नवव्या दिवशी आम्ही एका एवढ्याशा गावात पोचलो. नकाशावर बोट ठेवलं की गाव झाकलं जातं.

जुन्या काळी अफगाणिस्तानातून, हिंदुस्थानातून उंट घेऊन आलेले मुसलमान उंटवाले तिथे राहायचे. जिथे रेल्वे नव्हती, तिथे त्यांचे उंट माल पोचवायचे. गावाबाहेर त्यांच्या कबरी आहेत. काही दगडांवरची नावंही पुसून गेली आहेत.

माशा घोंघावत होत्या. इस्माईलने डोक्यावरची जाळी काढली, रुमाल बांधला आणि फातिहा पढला. मी मागे उभा राहिलो.

रुमाल सोडताना म्हणाला, "कमवायला आले होते रे. आपल्यासारखेच. घरी कुणी वाट बघत असेल यांची."

मग माझ्याकडे वळला.

"मास्तर, मला परमुलखात ठेवू नका. गावच्या कब्रस्तानात, अब्बांच्या शेजारी न्या. आदिलला मी सांगणार नाही, पोराला ओझं होईल. तू बघ."

"मी तुझ्या आधी जाणार आहे."

"तू? तू यमालाही कविता ऐकवशील. तो हात जोडून परत जाईल. शब्द दे."

मी दिला.

मागच्या वर्षी आजच्याच दिवशी सकाळी आदिलचा फोन आला. "अंकल, डॅड इज नो मोअर." झोपेतच हार्ट अटॅक.

अल ऐनहून शारजा दीड तासाचा रस्ता. काय बोलायचं ते मी गाडीत मोठ्याने म्हणून पाहत होतो. त्याला गावी न्यायला हवं. त्याची तशी इच्छा होती. मला सांगितलंय त्याने.

मी पोचलो तेव्हा आदिल म्हणाला, "अंकल, असरच्या नमाजनंतर दफन करतोय. डॅडना थांबवून ठेवणं इज नॉट राइट." गावी न्यायचं तर कागदपत्रं, एम्बामिंग, विमान. दोन-तीन दिवस सहज जाणार. त्यांच्यात मय्यत ताटकळत ठेवत नाहीत.

तरी मी बोलणार होतो.

तेवढ्यात त्याच्या बायकोने, फातिमाभाभींनी, आत बोलावलं. "भाऊ, त्यांनी तुम्हाला काही सांगून ठेवलं होतं?"

सरळ विचारलं. डोळ्यांत बघून.

मागे दोन नातवंडं सोफ्यावर बसली होती. गावच्या घराला अकरा वर्षं कुलूप. भाभी पुढे म्हणाल्या, "इथे असले तर शुक्रवारी आदिल मला घेऊन जाईल. लांबून तरी कबर बघेन."

मी म्हणालो, "नाही भाभी. काही नाही सांगितलं."

शारजात उतरत्या दुपारी, असरनंतर, त्याला माती दिली. तीन मुठी मीही टाकल्या.

वर्षभर मी एकही कविता पूर्ण म्हणू शकलो नाही. दुसऱ्या कडव्यापाशीच थांबतो.

गेल्या आठवड्यात राहवेना. भाभींकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

"मला माहीत होतं, भाऊ. तिकडून आल्या आल्या मलाही सांगितलं होतं त्यांनी. 'मास्तरने शब्द दिलाय' म्हणाले."

"मग मला विचारलंत का?"

"तुम्ही हो म्हणाला असतात तर मी पाठवलं असतं. तुम्ही नाही म्हणावं म्हणून दुआ मागत होते."

मग दोघंही रडलो. आदिललाही त्यांनी सांगितलंय. त्यांना विचारूनच हे इथे लिहितोय.

इस्माईल, तुझी बायको दर शुक्रवारी येते ना रे तुझ्याकडे?

तुझी माफी मागायला बसलो होतो. पण खोटं एकदाच पुरे. तो दिवस पुन्हा आला, भाभींनी पुन्हा विचारलं, तर मी पुन्हा नाहीच म्हणेन.

रागावायचं तर माझ्यावर रागाव. तिच्यावर नको.

शांत झोप, दोस्ता.