त्याला पडू द्यायचं होतं

मी इंग्लंडात लेस्टरला हॉस्पिटलमध्ये फिजिओ होते. नवरा स्लाऊला एका सॉफ्टवेअर कंपनीत; सोमवारी पहाटे जायचा, शुक्रवारी उशिरा यायचा. आम्हाला एकमेकांसाठी शनिवार-रविवारच मिळायचे, आणि त्यातला रविवार मी अमेरिकन फुटबॉलच्या एका हौशी टीमला देऊन बसले होते.

त्याला कारण माझा एक पेशंट. इथेच जन्मलेला मराठी मुलगा. मुलगा म्हणजे तिशीचा, शाळेत गणित शिकवायचा. खांदा दाखवायला आला, माझ्या बॅजवरचं नाव वाचलं आणि एकदम मराठीत सुरू झाला, "ताई, आमची टीमला फिजिओ नाही. तुम्ही येते का?" इतकं मोडकं मराठी इतक्या आशेने बोलणाऱ्याला नाही म्हणणं मला जमलं नाही.

"रविवारीपण?" नवऱ्याने एवढंच विचारलं. भांडला नाही. भांडण्याइतकी ताकद दोघांतही उरलेली नसायची.

मुलगा चेंडू घेऊन पळायचा. त्याच्या पुढे वाट मोकळी करायला त्याचा शाळेपासूनचा मित्र असायचा, इंग्लिश, धंद्याने प्लंबर, दारात उभा राहिला तर मागचं काही दिसू नये असा. खेळाचे नियम मला त्यानेच शिकवले, बर्फाच्या पिशव्या भरता भरता. समोरच्यांना अडवा, रेटा, आडवं पाडा, सगळं चालतं. पण चेंडू ज्याच्याकडे आहे त्या आपल्याच माणसाला मदत म्हणून हात लावायचा नाही. मागून ढकलायचं नाही, ओढायचं नाही, उचलायचं नाही. लावलात तर टीम पाच यार्ड मागे.

"मग तुम्ही त्याच्यासाठी करता काय?" मी विचारलं होतं.

"रस्ता करून देतो. पळायचं त्याचं त्याने."

त्या उन्हाळ्यात आम्ही एकही मॅच जिंकलो नाही. दर रविवारी तीच ओली हिरवळ, तेच बँडेज, परतीच्या गाडीत तीच शांतता. शेवटच्या मॅचला मला यायचंच नव्हतं. आठवडाभर वॉर्डात स्टाफ कमी होता, माझी स्वतःची कंबर धरली होती. तरी गेले.

आणि त्या दिवशी आम्ही जिंकत आलो होतो. शेवटची मिनिटं, आणि चेंडू जिच्यापलीकडे नेला की पॉइंट मिळतात ती रेषा अगदी समोर. मुलगा चेंडू छातीशी धरून गर्दीत घुसला. रेषेच्या अलीकडे तो अडला, वाकला, पण पडला नाही. तेवढ्यात प्लंबर मागे वळला, त्याची जर्सी दोन्ही मुठींत पकडली आणि त्याला ओढत रेषेपलीकडे नेऊन टाकलं. आमच्या बाजूने एकच ओरडा झाला. नियम मोडला की रेफरी टाकतो तो पिवळा रुमाल गवतावर पडलेला कोणी पाहिलाच नाही. मीही नाही, कारण मुलगा उठत नव्हता आणि मी पिशवी घेऊन पळत होते.

गुडघा हातात घेतल्यावर कळलं, लिगामेंट गेलंय. माझ्या डोक्यावर वाद चालला होता.

"तो पडत होता!" प्लंबर ओरडत होता. "मी काय करायचं होतं? पडू द्यायचं?"

रेफरी म्हातारा होता, पावसाने भिजलेला, आमच्याइतकाच दमलेला. "हो," तो म्हणाला. "पडू द्यायचं होतं."

पॉइंट गेले. पाच यार्ड मागून पुन्हा खेळलो, काही झालं नाही, हरलो. ए अँड ईमध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत, मुलगा आत एक्स-रेला गेला तेव्हा प्लंबर माझ्या शेजारी येऊन बसला. अंगावर चिखल तसाच.

"माझ्यामुळे झालं का?"

माझ्या बाजूने त्या गर्दीत त्याचे पाय दिसले नव्हते. गुडघा आधी गेला की ओढताना, मला खरंच माहीत नव्हतं, आणि मी तसंच सांगितलं. त्याला 'हो' चाललं असतं, 'नाही'ही चाललं असतं. हे उत्तर घेऊन तो हातावरचा वाळलेला चिखल खरवडत राहिला.

ऑपरेशन झालं. मग महिनोन्‌महिने व्यायाम, माझ्याच डिपार्टमेंटमध्ये. दर मंगळवारी प्लंबर काम अर्धवट टाकून त्याला व्हॅनमधून आणायचा आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचा. हिवाळ्यातल्या एका दुपारी मी गुडघा वाकवून बघत होते, तेव्हा मुलगा छताकडे बघत हळूच मराठीत म्हणाला, "ताई, माझा पाय गवतात अडकली होती. त्याने ओढलं ना, तेव्हा आवाज आली. आधी काही नव्हतं."

"सांगितलंस त्याला?"

"नाही. तुम्ही पण सांगू नका. तो रोज विचारते."

कोपऱ्यातून प्रश्न आलाच. "काय म्हणतोय?"

"दुखतंय म्हणतोय," मी इंग्लिशमध्ये सांगितलं. ते खोटं नव्हतं.

मुलगा चालायला लागला, जिने चढायला लागला, पण पुन्हा खेळला नाही. प्लंबरनेही त्या वर्षी सोडलं. वसंतात टीमच्या सेक्रेटरीचा फोन आला, नवीन सीझनला येणार का. मी नाही म्हटलं. त्या रविवारी नवरा आणि मी दुपारपर्यंत झोपलो, आणि उठल्यावर काय बोलायचं ते दोघांनाही पटकन सुचेना.