बर्फावरची गोधडी

बर्फवाली गार पाणी प्यायची नाही. अबुधाबीजवळच्या मुसफ्फ्यात जूनमध्ये लोखंडाला हात लावला की फोड येतो, अन् ही पोरगी माझ्या मेसमध्ये जेवायला आली की म्हणायची, "मावशी, साधंच द्या. गार मी तिकडं पोटभर घेते." तिकडं म्हणजे पार उत्तरेला, जिथं नुसता बर्फ.

मराठीच, पण अबुधाबीत वाढलेली. काय करतेस विचारलं तर, "आर्ट." मला कळेना. मग तिनं नीट सांगितलं. जगाला ताप भरलाय, तिकडचा बर्फ वितळतोय. उन्हात राबणाऱ्या माणसांचे जुने शर्ट जोडून तिला बर्फावर गोधडी घालायची होती. लोकांनी बघावं म्हणून.

मी हसले. "अगं, गोधडीनं ऊब येते. लवकर वितळंल की!"

"नाही मावशी, ऊन अडतं. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळता ना, तसं."

शर्ट मागत ती कामगारांच्या कॅम्पात फिरायची. पोरं चेष्टा करायची, "मॅडम, शर्ट कशाला, आम्हालाच न्या!"

"इन्शाल्ला. जागा उरली तर."

गोधडी मी शिवली. मधोमध माझ्या दिनूचा शर्ट लावला. दिनू माझा लेक, वेल्डर होता. साइटवर उन्हानं पडला, तो उठलाच नाही. वाटलं, शर्ट तरी गारव्यात राहील. तिला तेवढंच सांगितलं. तिनं शर्टावरून हात फिरवला.

आमच्याकडं गोधडी उपाशी ठेवत नाहीत. कोपऱ्यात भाकरीचा तुकडा शिवतात, तसा मीही शिवला. पुढच्या वर्षी बर्फवाली फोटो घेऊन आली. "मावशी, कोल्ह्यानं कोपरा फाडला!"

"अगं बाई! मग आता?"

"आता काय, खलास. कुणीतरी जेवलं." पोट धरून हसली. त्यानंतर जाताना भाकरी मागून न्यायची.

अन् परत आली की दारातूनच सांगायची, "दिनू गार आहे." मग ताटावर बसायची.

गेल्या साली दारात नुसतीच उभी राहिली. हातात पिशवी. गोधडीखालचा बर्फ फुटून समुद्रात गेला होता. "तिथं आता पाणीच आहे, मावशी. त्याला पाण्यात कसं सोडू?" काठाला लागलेल्या गोधडीतून शर्ट तेवढा उसवून आणला होता. त्याच्यावर समुद्राच्या मिठाचे पांढरे डाग. दिनू साइटवरून यायचा, तेव्हा घामाचे असायचे, तसेच.

निघताना तिनं पहिल्यांदाच गार पाणी मागितलं. मी दिलं. त्यानंतर ती आली नाही.

शर्ट मी धुतला नाही. एसीच्या खाली टांगलाय.