पाटल्यांशेजारचं पिस्तूल

आमच्या घरात एक विनोद आहे आणि तो माझ्यावर आहे. चार मराठी कुटुंबं जमली, जेवणं उरकली, की नवरा घसा खाकरतो. "आमच्या मॅडमनी पोलिसांना दागिने दाखवले, ते ऐकलंय का?" ज्यांनी ऐकलेलं असतं तेही नाही म्हणतात. मग तो सांगतो. त्याच्याकडे रीतसर परवान्याचं पिस्तूल होतं, पोलीस तपासणीला आले, आणि मी भोळी बाई आईच्या पाटल्या दाखवायच्या हौसेने स्वतःच्या हाताने तिजोरी उघडून मोकळी झाले. तिजोरी बायकोला उघडता येणं हाच नियमभंग, हे बिचारीला कुठे ठाऊक! लोक पोट धरून हसतात. कोणीतरी हमखास म्हणतं, "हात दाखवून अवलक्षण!" मी गुलाबजाम वाढता वाढता हसते.

तीन वर्षं हसले. आता माझ्या बाजूने सांगते.

लग्न करून रॉटरडॅमला आले तेव्हा माझ्याजवळ फार्मसीची पदवी होती आणि सांगलीत औषधांच्या दुकानात सहा वर्षं उभं राहिल्याचा अनुभव. इथे दोन्ही कोणी विचारलं नाही. माझ्या रहिवासाच्या कागदावर कारण होतं 'नवऱ्याबरोबर'. तो बंदरातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा, ऑफिसात सगळं इंग्रजी, त्यामुळे डच शिकण्याची त्याला गरज पडली नाही. मी शिकले, कारण पहिली दोन वर्षं दिवसभर करायला दुसरं काही नव्हतं. मग खेमेंतेची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, पत्रं, डॉक्टरची वेळ, कराचे कागद, सगळं माझ्याकडे आलं. "या आमच्या सेक्रेटरी," अशी तो माझी ओळख करून द्यायचा. पुढे मला एका गोदामात नोकरी लागली तर म्हणाला, "सेक्रेटरींची हमालपदी बढती झाली."

त्याने माझ्यावर कधी हात उगारला नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण पिस्तुलाचं नाव काढलं की लोकांच्या मनात पहिलं तेच येतं. तो फक्त चारचौघांत टिंगल करायचा, आणि घरी आल्यावर विचारलं की म्हणायचा, तुला विनोद कळत नाही.

नेमबाजीचा नाद त्याला कॉलेजात एनसीसीत असताना लागला होता. इथे ऑफिसातल्या एकाने त्याला क्लबात नेलं आणि तो पुन्हा लागला. या देशात पिस्तूल घ्यायचं म्हणजे मुलगी बघायला गेल्यासारखी चौकशी असते, फक्त इथे चौकशी नवऱ्यामुलाची होते. वर्षभर क्लबचं सभासदत्व, चारित्र्याचा दाखला, ओळखीच्या माणसांची ग्वाही, डोकं ठिकाणावर आहे की नाही याची परीक्षा. एवढं झालं की पोलिसांचा परवाना, त्यावर त्या एकाच पिस्तुलाचा नंबर, आणि परवाना दर वर्षी नवा करायचा. घरात पोलादी तिजोरी, भिंतीत बोल्टने ठोकलेली, आणि काडतुसं वेगळ्या कुलपाच्या कप्प्यात.

ते सगळे कागद मी भरले. जेवणाच्या टेबलावर तो बाजूला बसायचा, मी डचमधला प्रश्न मराठीत सांगायचे, तो उत्तर द्यायचा, मी ते डचमध्ये लिहायचे. तिजोरीचा कोड कोणाला माहीत असणार, या प्रश्नावर मी थांबले. नियमच वाचून दाखवला. परवाना ज्याच्या नावावर, कोड त्यालाच माहीत असायला हवा, घरातल्या दुसऱ्या कोणालाही नाही. "मग लिही, फक्त मला," तो म्हणाला. मी लिहिलं.

परवान्याआधी एक पोलीसबाई घर बघून गेल्या. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, चष्मा गळ्यात अडकवलेला. जाताना त्यांनी मला एकटीला विचारलं, "घरात शस्त्र आलेलं तुम्हाला चालणार आहे का?" मी चालेल म्हणाले. हा देश तुला चालेल का, असं मला कोणी विचारलं नव्हतं. पिस्तुलाच्या निमित्ताने पहिल्यांदा कोणीतरी माझं मत घेतलं.

सोनं त्या तिजोरीत कसं गेलं तेही सांगते. माझ्या आईच्या चार पाटल्या आणि एक मोहनमाळ तोवर मोज्यांच्या खणात होती. सासूबाईंनी व्हिडिओवर तिजोरी बघितली आणि म्हणाल्या, "अगं, एवढी भक्कम तिजोरी असताना सोनं मोज्यांत कसलं ठेवतेस?" तिजोरी म्हणजे सोन्याची जागा, आपल्याकडे दुसरं काही कोणाला सुचतच नाही. वरच्या फळीवर पाटल्या, खाली पिस्तूल. खंडेनवमीला तो तिजोरीच्या दाराला हळदकुंकू लावायचा आणि पिस्तुलावर झेंडूचं फूल ठेवायचा. दागिने लागतील तेव्हा मला काढता यावेत म्हणून कोड त्याने माझ्या कानात सांगितला. घरात तिसरं कोणी नव्हतं, तरी कानात. "आपल्या लग्नाची तारीख. विसरणार नाहीस ना?" मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

एकदा मी क्लबात त्याला बघायला गेले. काचेमागून बघितलं. तो उभा राहिला, हात सरळ केला, श्वास सोडला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून सगळा आगाऊपणा निघून गेला. असा शांत माणूस माझ्या घरात राहतो हे मला माहीत नव्हतं. गोळी सुटल्यावरही हात तसाच होता. त्याला आयुष्यात एवढी एकच गोष्ट मनापासून आवडते हे मला तिथे कळलं, आणि ते मी लक्षात ठेवलं.

माझे वडील डिसेंबरात गेले. परवाना नवा करायचा तर वर्षभरात ठरावीक वेळा क्लबात जाऊन नेमबाजी केल्याचे शिक्के वहीत लागतात, आणि त्याचे तीन शिक्के कमी होते. "तू जा," तो म्हणाला. "मी तिकडे येऊन काय करणार? माणूस तर गेला." सांगलीत येणारा जाणारा विचारायचा, जावई कुठे? मी सांगायचे, रजा मिळाली नाही. आई माझ्याकडे बघायची. बाराव्याला पानं मांडून झाली होती, काकांनी वडिलांच्या नावाचं पान वेगळं वाढलं, आणि तेवढ्यात माझ्या फोनवर फोटो आला. कागदी लक्ष्य, बरोब्बर मध्यावर भोकं. खाली लिहिलं होतं, 'शिक्के पूर्ण!'

मी फोन पालथा ठेवला आणि वाढायला उठले. राग आला असं म्हणणं फार कमी होईल. त्या पंगतीत मी भात वाढत होते आणि याचं आपण काय करायचं एवढंच माझ्या डोक्यात चाललं होतं.

फार थांबावं लागलं नाही. फेब्रुवारीत एका मंगळवारी सकाळी बेल वाजली. त्याच पोलीसबाई, न कळवता. तपासणी अशी अचानक होऊ शकते हे परवान्याच्या कागदावर लिहिलेलं होतं, मीच वाचून दाखवलेलं. नवरा वरच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये. माझी दुपारची पाळी होती.

"थांबते मी," बाई म्हणाल्या. "घाई नाही."

मी कॉफी ठेवली. मशीनमधून कॉफी थेंबथेंब पडत होती तेवढा वेळ मला होता. वर जाऊन त्याच्या दारावर टकटक करता आली असती. मी केली नाही. कप त्यांच्यापुढे ठेवला आणि हसून म्हणाले, "त्यांची मीटिंग लांबेल. चला, मीच दाखवते."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "नाही, नाही. तुमचे पती येऊ देत."

"त्यात काय एवढं," मी म्हणाले आणि तिजोरी होती त्या कपाटाकडे चालू लागले. त्या मागोमाग आल्या. तिजोरीच्या दारावर खंडेनवमीचं कुंकू तसंच होतं. हा गंज आहे का, त्यांनी विचारलं. पूजा आहे, मी म्हणाले. मग लग्नाची तारीख दाबली. हिरवा दिवा लागला, दार उघडलं. "या माझ्या आईच्या पाटल्या," मी म्हणाले. त्यांनी पाटल्यांकडे बघितलंही नाही.

"तुम्हाला कोड माहीत आहे, हे तुमच्या पतींना माहीत आहे का?" त्यांनी विचारलं. फार हळू विचारलं. मला वाटतं, मला बाहेर पडायला त्या एक दार उघडं ठेवत होत्या. मी लपून बघितला एवढं म्हटलं असतं तरी सगळी चूक माझ्यावर आली असती.

"त्यांनीच सांगितला," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

तो खाली आला तेव्हा हेडफोन गळ्यात होते आणि बाई टेबलाशी बसून लिहीत होत्या. पिस्तूल एका पेटीत, काडतुसं दुसरीत, दोन्ही त्या घेऊन जाणार होत्या. त्याने पावतीवर सही केली. ज्याचा हात गोळी सुटल्यावरही हलत नसे, त्याची सही वाकडी आली. मला आनंद झाला. चांगल्या बाईने लिहू नये असा आनंद.

परवाना रद्द झाल्याचं पत्र पुढे आलं, अर्थातच डचमध्ये. मी ते त्याला टेबलाशी बसून ओळीने मराठीत वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही. 'विश्वासास पात्र नाही' अशा अर्थाचं वाक्य दोनदा वाचलं, त्याला नीट ऐकू आलं नसेल म्हणून.

तो म्हणाला, "जाऊ दे. तुला काय कळतंय त्यातलं."

आणि त्या शनिवारपासून विनोद सुरू झाला. मी केलेला वार त्याने उचलला आणि त्याचा माझा वेडेपणा करून टाकला. खरं सांगावं तर मी दुष्ट, न सांगावं तर मूर्ख. मी मूर्ख व्हायचं ठरवलं, कारण मूर्ख बाईला लोक निदान जेवायला बोलावतात.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला स्किपोल विमानतळाजवळच्या बाडहूव्हडॉर्प गावात एका ओळखीच्यांकडे गेलो होतो. एक नवीन मुलगी आली होती, लग्न होऊन जेमतेम दोन महिने झालेले. नवऱ्याने गोष्ट सांगितली, पाटल्यांपाशी आवाज बारीक करून माझी नक्कल केली. सगळे हसले. मग त्या मुलीच्या नवऱ्याने तिच्याकडे बोट दाखवून म्हटलं, "बघ हं, नाहीतर तूही असलं काही करून ठेवशील." ती हसली. तिचं हसणं मला ओळखीचं वाटलं.

"मला नियम माहीत होता," मी म्हणाले. हातात तिळगुळाची वाटी होती. "अर्ज मीच भरला होता. मी मुद्दाम उघडली."

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग माझा नवराच पहिला हसला. "घ्या! तीन वर्षांनी सुचलं हिला!" आणि खोली पुन्हा हसली. ती मुलगी तेवढी हसली नाही.

परतताना गाडी तो चालवत होता. स्किपोलला उतरणारं विमान डोक्यावरून गेलं, त्याचा आवाज विरल्यावर म्हणाला, "मला त्याच दिवशी कळलं होतं. 'फक्त मला' ही ओळ तूच लिहिली होतीस."

"मग तीन वर्षं काय करत होतास?"

"तुला हसायला लावत होतो." त्याने रस्त्यावरची नजर हलवली नाही. "रोज नाही, पण जेव्हा हवं तेव्हा. तेवढं मला पुरत होतं. आता तेही घालवलंस."

"तू बाराव्याला तो फोटो पाठवला होतास."

"कुठला फोटो?" त्याने विचारलं. तो नाटक करत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं.

पुढच्या रविवारी एका मैत्रिणीचं डोहाळजेवण होतं. पाटल्या काढायला गेले, लग्नाची तारीख दाबली, लाल दिवा लागला. पुन्हा दाबली, पुन्हा लाल. मागून तो आला. "मला सांगायचं ना," म्हणाला. माझ्या आणि तिजोरीच्या मधे उभा राहिला, पाठ माझ्याकडे करून. बटणांचे सहा आवाज आले.

"कोड एकालाच माहीत असायला हवा," पाटल्या माझ्या हातावर ठेवत तो म्हणाला. "नियम आहे. तूच वाचून दाखवला होतास."

डोहाळजेवणाला सगळ्यांनी पाटल्यांचं कौतुक केलं. संध्याकाळी घरी आले तेव्हा तो तिजोरी उघडून तिच्याजवळ उभा होता, हात पुढे करून. मोज्यांचा खण दोन पावलांवर होता. मी पाटल्या एकेक करून काढल्या आणि त्याच्या हातावर ठेवल्या.